सातबारा ज्याचा, चेक त्याचा
(युवक मेळाव्यातील भाषण)



अनुदान म्हणजे सरकारनं शेतकऱ्याला केलेली मदत, असं पेपरात छापून येतं. शेतकरी म्हणजे कोण, हे कुणी छापत नाही. रानात राबतो तो, की ज्याच्या नावावर कागद आहे तो? मी अमेरिकेतलं सांगणार आहे. दूरचं वाटेल, पण कानाला ओळखीचं लागेल.

मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपला जिल्हा धरा. नाव सूर्यफुलाचं, पीक कापसाचं. वेचणारे हात काळे, जमीन गोऱ्यांची. सिनेटर जेम्स ईस्टलँड तिथलाच. हजारो एकरांचा धनी. काळ्यांना हक्क मिळू नयेत म्हणून भांडण्यात त्याची हयात गेली. १९६७ साली त्याच्या मळ्याला सरकारी तिजोरीतून लाखाच्या वर डॉलर गेले. त्या योजनेत कापूस कमी लावून रान पडीक ठेवल्याचेही पैसे होते. न पेरल्याचे पैसे! आम्ही डॉकात एक दिवस आकडा खाली ठेवला, तर साला हजेरी कापली जाते.

ही रीत १९३३ ची. मंदीत भाव पडले, म्हणून रूझवेल्ट सरकारनं कायदा केला : पीक कमी करा, पैसे घ्या. त्या साली एक कोटी एकरांच्या आसपास उभा कापूस नांगरून टाकला. त्यातून कुळाला वाटा द्यायचा होता, पण वाटणारा कोण? मालकच. आणि रान पडीक पडलं तर कूळ हवंय कशाला? हाकला. १९३४ साली आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून युनियन काढली. १९३५ मध्ये शेतीखात्यातल्या काही वकिलांनी कुळांना काढता येणार नाही असा कायद्याचा अर्थ लावला. खात्यानं वकीलच काढून टाकले.

पुढची मेख कमिटीत. कुणी किती एकर कापूस लावायचा हे कौंटीची कमिटी बघायची. शेतकऱ्यांनी मतानं निवडलेली, म्हणजे नावाला लोकशाही. दक्षिणेत तिच्यात गोरे मळेवाले बसलेले. आपल्या गावची सोसायटी डोळ्यापुढं आणा, चेअरमन कोण नि सेक्रेटरी कुणाचा पाहुणा. १९६४-६५ ला मताच्या हक्कासाठी झगडणारी पोरं या कमिट्यांच्या निवडणुकांतही उतरली, ती उगाच नाही.

बोंब झाली तेव्हा १९७० च्या कायद्यानं एका पिकाला माणशी ५५,००० डॉलरची मर्यादा घातली. लगेच मळ्यांचे कागदोपत्री तुकडे पडले, नातलगांच्या नावानं. सीलिंगच्या वेळी आपल्या बागाईतदारांनी तान्ह्या पोरांच्या नावे जमिनी केल्या, तसंच.

त्याच सनफ्लॉवरची फॅनी लू हेमर. वीस भावंडांतली धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर मळ्यावरून हाकलली. १९६९ ला तिनं फ्रीडम फार्म काढलं. गरीब घराला डुकरीण द्यायची, पिलं झाली की त्यांतली पुढच्या घरी. पैशाअभावी ते शेत काही वर्षांतच मोडलं. तरी मला ही बाई सगळ्या शेतीखात्यापेक्षा शहाणी वाटते.

काळे शेतकरी १९९७ ला कोर्टात गेले, १९९९ ला तडजोड झाली. मंजूर झालेल्या बहुतेकांना ५०,००० डॉलर. १९२० साली तिथं काळे शेतकरी नऊ लाखांवर होते. आज शंभरातले दोनही नाहीत. रान गेल्यावर न्याय आला.

आता इकडं या. पीएम-किसानचे २०१९ पासून वर्षाला ६,०००. राज्याचे २०२३ पासून आणखी ६,०००. अट काय? जमीन नावावर पाहिजे. पाटलाच्या रानात खुरपणाऱ्या माझ्या मावशीला शून्य. गायरान कसणाराही नियमित होईपर्यंत शेतकरी नाही, अतिक्रमणवाला.

१४ एप्रिल १९९० पूर्वीची आपल्या लोकांची गायरानं नावावर करायचा सरकारी निर्णय १९९१ चा आहे. तेव्हा सभा संपली की निघू नका. गट नंबर, किती साल कसता ते, आणि दंडाच्या जुन्या पावत्या असतील त्या घेऊन पुढं या. अर्ज मी लिहून देतो. सोमवारी तहसीलवर सगळे मिळून जाऊ.