कळमन्याच्या बाजारात न मिळणारं जीवनसत्त्व



नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहराचे दिवस आले की संत्र्यांचे ढीग लागतात. उन्हाळा तोंडावर आला की मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत येतो. पलीकडे धान्याच्या गंजी, त्यांत तूर, हरभरा आणि विदर्भाच्या घराघरांत चटणीसाठी लागणारं जवससुद्धा. मेंदू शाबूत ठेवायला लागणारं बरंच काही या बाजारात पोत्यांनी मिळतं. एक गोष्ट मात्र यांतल्या कुठल्याच पोत्यात नाही.

देशातल्या साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशानं ग्रासलेली आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं मांडला. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी आटोक्यात आली, तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबणीवर पडतील. उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि वाईट कोलेस्टेरॉल ही त्यांतली चार कारणं थेट ताटाशी जोडलेली आहेत.

पण एखादाच पदार्थ खाऊन स्मरणशक्ती टिकते, हा दावा फसवा आहे. शिकागोच्या संशोधकांनी पालेभाज्या, बेरीवर्गीय फळं, सुकामेवा आणि मासे यांवर भर देणारा 'माइंड' आहार सुचवला. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. पुढे ६०४ जणांवर तीन वर्षं रीतसर चाचणी झाली. तिचा निकाल २०२३ मध्ये आला, तेव्हा तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक आढळला नाही. फिनलंडमध्ये मात्र १,२६० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना आहारासोबत व्यायाम, मेंदूला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं दोन वर्षं एकत्र दिलं गेलं. त्यांच्या बौद्धिक क्षमतेला त्याचा फायदा झाला.

आता त्या न मिळणाऱ्या गोष्टीकडे येऊ. ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांतली ही स्थिती आहे!

बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं कमी पडली की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं, आणि ते वाढलेलं असण्याचा संबंध मेंदू आक्रसण्याशी आढळला आहे. फोलेट पालेभाज्यांत, हरभऱ्यात आणि संत्र्यातही असतं. बी-१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. खरी गफलत इथेच होते. भाज्या भरपूर खाणाऱ्याला फोलेट पुरेसं मिळतं, त्यामुळे रक्ताची साधी तपासणी ठीक दिसू शकते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ऑक्सफर्डमध्ये विस्मरण सुरू झालेल्या वृद्धांना ब गटातली जीवनसत्त्वं दिली, तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला. ओमेगा-३ स्निग्धाम्लं रक्तात पुरेशी असलेल्यांत हा परिणाम अधिक दिसला. जवसातही ओमेगा-३ असतं. शरीर त्याचा थोडाच भाग मेंदूला लागणाऱ्या रूपात बदलू शकतं, तरी जेवताना जवसाची चटणी असावीच.

वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना, रोज आम्लपित्ताच्या गोळ्या खाणाऱ्यांना आणि पूर्ण शाकाहारी ज्येष्ठांना हा धोका जास्त. घरातल्या आजी-आजोबांना विसर पडू लागला, पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारून बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या. कमतरता निघाली, तर गोळ्या किंवा इंजेक्शनं देता येतात. वेळेत उपचार झाले, तर या कारणानं आलेलं विस्मरण पुष्कळदा कमी होतं. फार उशीर झाला, तर मज्जातंतूंची काही हानी कायमची राहते.