शरदातला सागरप्रवास आणि कपड्यांची पेटी

विमानांची ये-जा सर्रास सुरू होण्यापूर्वी, मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या उतारूंच्या ट्रंकांवर आगबोट कंपन्या चिठ्ठ्या चिकटवीत. काहींवर ‘प्रवासात हवे’ आणि काहींवर ‘प्रवासात नको’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले असत. ‘नको’ म्हटलेली ट्रंक जहाजाच्या पोटातील कोठारात जाई, आणि मुक्कामाचे बंदर येईपर्यंत तिचे दर्शन होत नसे. तेव्हा काय जवळ ठेवावयाचे आणि काय दृष्टीआड करावयाचे, हे घर सोडण्यापूर्वीच ठरवावे लागे. त्या चिठ्ठ्या आज उरल्या नाहीत. ती निवड मात्र अजून करावीच लागते. फरक इतकाच की, आता ‘नको’ असलेले सामान घरीच राहते आणि ऐन समुद्रात आठवते.

आज मी बोलणार आहे ते ज्याला ‘क्रूझ’ म्हणतात त्या सागरी सहलीविषयी, आणि त्यातही भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघणाऱ्या सहलीविषयी. आपली माणसे नेमकी याच दिवसांत तिकडे जातात, याची कारणे साधी आहेत. आम्हां शिक्षकांना दिवाळीची सुट्टी असते, उन्हाळ्याची गर्दी ओसरल्यामुळे तिकिटे काहीशी उतरतात, आणि परदेशी असलेल्या मुलामुलींना आईवडिलांना कोठेतरी फिरवून आणावयाचे असते. इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी अशा गावांतून साठी-सत्तरीची जोडपी हौसेने निघतात. बार्सिलोना, मार्सेलिस, जेनोवा, रोमसाठी चिवितावेक्किया, पुढे नेपल्स आणि पालेर्मो असा साधारण आठवड्याचा फेरा असतो.

माझा एक मावसभाऊ अनेक वर्षे अशा जहाजांवर उतारूंच्या खोल्यांची व्यवस्था पाहत असे. गोव्यातील पुष्कळ घरांनी पिढ्यानपिढ्या जहाजांवर माणसे पाठविली आहेत. कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात. त्याचे एक सांगणे माझ्या मनात घर करून राहिले आहे. तो म्हणे, आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बाया दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खोलीतच बसून राहतात. मुलगा-सून डेकवर असतात, आणि आई पलंगावर पाय वर घेऊन खिडकीच्या काचेतून समुद्र पाहते. विचारले तर म्हणते, ‘मला काही हौस नाही, तुम्ही या जाऊन.’ खरे कारण असे की तिला थंडी वाजत असते, आणि अंगावर घालण्याजोगे पेटीत काही नसते. असले तरी ते ‘चारचौघांत बरे दिसत नाही’ म्हणून मुलांनी नको म्हटलेले असते. इतका खर्च करून, इतक्या दूर जाऊन, आयुष्यात एकदाच दिसणारा समुद्र काचेतून पाहावा लागावा, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून पेटी भरण्याचा विषय क्षुल्लक समजू नये, अशी माझी विनंती आहे.

पहिली चूक आकड्यांमुळे होते. वर्तमानपत्रात किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर आपण पाहतो की बार्सिलोनास ऑक्टोबरात दुपारी २१-२२ अंश आणि पहाटे १४-१५ अंश तापमान असते. बेळगावची डिसेंबरातील पहाटही अशीच असते, मग एक स्वेटर पुरे, असे वाटणे साहजिक आहे. त्यात ‘शरद’ हा शब्दही आपल्याला फसवितो. आपला शरद म्हणजे निवळलेले आकाश, कोजागरी, आटवलेले दूध. भूमध्य समुद्राचा शरद तसा सौम्य नाही. उन्हाळाभर तापलेला समुद्र ऑक्टोबरातही उबदार असतो आणि भरपूर बाष्प पुरवितो. त्याच्यावर उत्तरेकडून थंड हवा आली, की काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. बार्सिलोनाचा तर सर्वांत अधिक पावसाचा महिना ऑक्टोबरच. जेनोवाच्या पाठीशी डोंगर अगदी भिडून उभे आहेत. समुद्रावरची दमट हवा त्यांवर चढते आणि तेथेच रिती होते. ४ नोव्हेंबर २०११ रोजी आणि पुन्हा ऑक्टोबर २०१४ मध्ये त्या शहराच्या रस्त्यांतून पूर वाहिला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधील वॅलेन्सियाच्या परिसरात आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. हे भिववण्यासाठी सांगत नाही. सरासरीचा आकडा किती गोष्टी पोटात दडवून ठेवतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

वाऱ्यांचे तर तेथे नावानिशी राज्य आहे. सावरकरांच्या १९१० मधील उडीमुळे मराठी माणसास परिचित असलेले मार्सेलिस बंदर घ्या. तेथे रोन नदीच्या खोऱ्यातून ‘मिस्त्राल’ नावाचा थंड, कोरडा वारा उतरतो आणि कधी कधी दिवसचे दिवस वाहत राहतो. त्याची लबाडी अशी की तो आभाळ झाडून स्वच्छ करतो. खोलीतून पाहावे तो लख्ख ऊन आणि निळे आकाश. माणूस मलमलीचा सदरा घालून बाहेर पडतो आणि पाच मिनिटांत दात वाजवीत परततो. याच्या उलट आफ्रिकेच्या वाळवंटाकडून येणारा ‘सिरोक्को’. समुद्र ओलांडताना तो दमट होतो, आणि पालेर्मोस पोहोचतो तेव्हा अंगाला घाम आणतो. त्याच्याबरोबर आलेल्या धुळीचा पाऊस पडला तर पांढऱ्या कपड्यांवर तांबूस ठिपके उमटतात. एकाच आठवड्यात हे दोन्ही भेटू शकतात. शिवाय हवा बिघडली तर कप्तान एखादे बंदर गाळतो किंवा क्रम बदलतो. म्हणून ‘मार्सेलिसचे कपडे’, ‘रोमचे कपडे’ अशा पुरचुंड्या बांधणे व्यर्थ आहे.

आणि या सगळ्यांवर कडी करणारा वारा जहाज स्वतःच निर्माण करते. ताशी २० सागरी मैल म्हणजे ३७ किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी या वेगाने चालणाऱ्या जहाजाच्या डेकवर ३७ किलोमीटरचा वारा तोंडावर येणारच. आपल्या त्वचेभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत हिरावून नेतो. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना जानेवारीच्या पहाटे स्कूटरवरून जाताना जे होते ते आठवावे म्हणजे वेगळे स्पष्टीकरण नको. उलट जहाजाच्या आत, जेवणघरात आणि नाटकगृहात, कृत्रिम गारवा असतो. तेव्हा आतली, डेकवरची आणि किनाऱ्यावरची अशा तीन हवा एका दिवसात अंगावर घ्यावयाच्या असतात.

यावर एक जाड ओव्हरकोट हे उत्तर नव्हे. तो पेटीचा तिसरा हिस्सा अडवितो, दुपारी हातावर ओझे होतो, आणि भिजला तर सहल संपेपर्यंत वाळत नाही. उत्तर आहे ते पातळ कपडे एकावर एक चढविण्याचे. अंगालगत बनियन किंवा पूर्ण बाह्यांचा पातळ उबदार सदरा, त्यावर एक किंवा दोन पातळ लोकरी स्वेटर, आणि सर्वांवर वारा व पाऊस दोन्ही अडविणारे हलके जाकीट. दोन पातळ स्वेटरांच्या मधे हवा अडकते आणि तीच ऊब देते. लोकरीचा गुण असा की स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पिऊनही ती अंगाला ओली लागत नाही. सुती कापड एकदा भिजले की गारठते आणि वाळावयास दिवस घेते. मुलांची ती जीनची विजार तर याबाबतीत सर्वांत वाईट. मात्र घरी विणलेल्या लोकरीच्या टाक्यांतून वारा सुखेनैव आत शिरतो. आजीने विणलेला स्वेटर अवश्य न्यावा, पण त्यावर जाकीट हवेच. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत हे कपडे बहुधा असतात. गोव्याच्या श्रोत्यांनी एका आठवड्यासाठी दुकानदाराच्या सांगण्यावरून हिमालयात जाण्याचे कपडे विकत घेऊ नयेत; नात्यातील कोणाकडून तरी स्वेटर उसना मागावा. सोलापुरी चादर घरीच ठेवावी. खोलीत पांघरुणे मिळतात.

आता साडीविषयी. ‘आई, तिकडे साडी नको’ असे मुले सांगतात, आणि जिने चाळीस-पन्नास वर्षे दुसरे काही नेसलेले नाही ती बाई अवघडून जाते. मला हा आग्रह पटत नाही. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेले आनंदीबाई जोशी यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपान व सीरियातून आलेल्या दोन सहाध्यायिनी शेजारी आहेत, आणि आनंदीबाई साडीत आहेत. अडचण साडीची नसून आत काय घातले आहे याची असते. परकराखाली लोकरी किंवा जाड विणीची घट्ट विजार, पूर्ण बाह्यांचे पोलके, पायांत मोजे आणि रबरी तळाचे बंद बूट असले की ती बाई जाकीट घालून कठड्यापाशी खुशाल तासभर उभी राहील. पदर जाकिटाच्या आत घ्यावा आणि निऱ्यांना पीन लावावी, कारण वारा प्रथम तिथेच हात घालतो. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही आणि लहान होडीत उतरावे लागते. त्या दिवशी मात्र साडी घोट्याच्या वर नेसावी, किंवा ज्यांना चालत असेल त्यांनी सलवार-कमीज घालावा. आमच्या ख्रिस्ती घरांत झगा आणि साडी दोन्ही चालतात, आणि डेकवरच्या वाऱ्यात झग्याची फजिती साडीहून अधिक होते, हे मी खात्रीने सांगते. जहाजावर एक-दोन संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून जेवावयाची पद्धत असते; तेथे एक रेशमी साडी आणि एक शाल एवढ्यावर काम भागते. रेशीम हलके असते, घडीही लहान होते, आणि त्या मेजवानीत आपल्या बायकांइतके शोभून दिसणारे कोणी नसते असे मावसभाऊ म्हणे.

तीच शाल रोममध्ये उपयोगी पडते. सेंट पीटरच्या महामंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. अर्ध्या चड्डीत आलेल्या पुरुषांना दारातूनच परत फिरावे लागते, आणि बिनबाह्यांच्या पोलक्यावर तर शाल हवीच.

पुरुषांविषयी थोडेच सांगते, कारण त्यांचे कपडे कमी आणि हट्ट जास्त. दोन विजारी, चार सदरे, एक बरा कोट. पण कानटोपी! वडिलांनी कानटोपी काढली की मुलांचे चेहरे उतरतात. श्रोतेहो, ज्यांना लाज वाटते त्यांनी वडिलांना चांगल्या लोकरीची काळी किंवा करडी टोपी विकत घेऊन द्यावी, पण कान उघडे ठेवून सत्तरीच्या माणसास डेकवर नेऊ नये. मफलरही तसाच. छत्रीचा मात्र फार भरवसा धरू नये. मिस्त्रालापुढे ती एका झटक्यात उलटी होते. टोपी असलेले जाकीट बरे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे घेतात. त्यानंतर रोममध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी उन्हात निघालेली मंडळी अंधारात आणि गारव्यात परततात. म्हणून किनाऱ्यावर जाताना ऊन असले तरी एक स्वेटर पिशवीत टाकावाच.

याहून गंभीर एक गोष्ट. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्ता कोन्कोर्दिया’ हे जहाज खडकावर आदळले. त्या वेळी पुष्कळ उतारू जेवणाच्या मेजावर होते आणि जेवणाच्याच कपड्यांत त्यांना थंडीत बाहेर पडावे लागले. ३२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या उतारूंची होड्यांकडे जाण्याची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती कवायत घ्यावी लागते. त्या वेळी जी सूचना देतात तीत गरम कपडे, डोक्याला काही आणि रोजची औषधे बरोबर घेण्यास सांगतात. तेव्हा जाकीट, टोपी आणि बंद बूट पेटीच्या तळाशी न ठेवता दाराजवळच्या खुंटीवर, अंधारात हाताला लागतील असे ठेवावेत.

राहिले भरण्याचे. विमानात पुष्कळदा मोठ्या बॅगेस २३ आणि हातातल्या बॅगेस ७ किलोची मर्यादा असते. पतिपत्नी असतील तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे वाटावेत; एक बॅग चुकली तरी दोघांचे निभते. जहाजावर चढताना मोठी बॅग खलाशी घेतात आणि ती खोलीत यावयास कित्येक तास लागतात. म्हणून त्या दिवसाची औषधे, एक स्वेटर आणि बदलावयाचे कपडे हातातल्या बॅगेत असावेत. खोलीत इस्त्री वापरण्यास आगीच्या भयाने बंदी असते, तेव्हा चुरगळणारे कपडे नेऊच नयेत. भिंती बहुधा पोलादी असतात. चुंबकाचे चार आकडे नेले तर ओली जाकिटे टांगता येतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवावयास सांगतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्या उचलून नेतात. सर्व कपडे निगुतीने भरून, कुलूप लावून, बॅग बाहेर ठेवणारे आणि सकाळी अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांत उतरावे लागणारे उतारू मावसभावाने दर फेरीत पाहिले होते, आणि त्यांत प्राध्यापकही होते. सकाळचा जोड, बूट आणि पारपत्र आधी बाजूला काढून मगच बॅग भरावी. त्याच हातातल्या बॅगेत एक सुती साडी आणि एक सुती सदरा असू द्यावा. मुंबईस विमानातून उतरताना ऑक्टोबरची हीट असते, आणि पुढे बेळगावची गाडी पकडावयाची असते.