गोल करवत आणि दहा बोटे

घरात फर्निचरचे काम निघाले की आधी प्लायवुडच्या शीट येतात आणि पाठोपाठ विजेवर चालणाऱ्या गोल करवतीचा आवाज सुरू होतो. हातकरवतीने ज्या कापाला अर्धा तास लागे, तो आता दोन-तीन मिनिटांत होतो. मी बरीच वर्षे तरुण मुलांना सुतारकाम शिकवले. या यंत्राला घाबरा, असे मी त्यांना कधी सांगितले नाही. ते कसे वागते हे आधी समजून घ्या, एवढेच सांगत आलो.

साधारण सात इंची पाते मिनिटाला ५,००० फेरे घेते. म्हणजे त्याच्या दाताचा वेग ताशी १६०-१७० किलोमीटर होतो. धोका लक्षात येऊन हात मागे घ्यायला आपल्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, आणि तेवढ्यात पाते सोळा वेळा फिरलेले असते. ‘लक्ष असले की झाले’ हा भरवसा म्हणून अपुरा आहे. यंत्र चालू करण्यापूर्वीची मांडणीच बोटे वाचवते.

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याची उसळी. शीटची दोन टोके दोन स्टुलांवर ठेवायची आणि मध्ये काप घ्यायचा, ही पद्धत सर्रास दिसते. काप पुढे सरकतो तशी शीट मध्ये झुकते, कापाच्या दोन्ही कडा जवळ येतात आणि पाते चिमटीत सापडते. अडकलेले पाते फिरू शकत नाही. मग मोटरचा सगळा जोर यंत्राला मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतो.

उपाय अगदी साधा आहे. शीटखाली चार जाड रिपा टाकाव्यात, दोन कापाच्या एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. मग शीट झुकत नाही आणि तुकडा सुटला तरी जागच्या जागी राहतो. पात्याच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला राहावे. यंत्र अडल्यासारखे वाटले तर बटण सोडावे आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र तसेच धरून ठेवावे. चालू यंत्र मागे ओढू नये. लाकूड पायाने दाबून धरण्याची जुनी सवय हातकरवतीबरोबर चालून गेली, इथे ती चालणार नाही. शिकंजा लावावा आणि दोन्ही हात यंत्रावर ठेवावेत.

पाते लाकडाखाली दाताएवढे, फार तर पाव इंच, बाहेर यावे. ही खोली ठरवताना किंवा पाते बदलताना आधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना हात घसरतो. म्हणून धार गेलेले पाते वेळेवर बदलावे.

करवतीला खालून स्प्रिंगचे झाकण असते. काप संपला की ते आपोआप पात्यावर येते. ‘मध्ये येते’ म्हणून पुष्कळ ठिकाणी ते तारेने वर बांधलेले दिसते. अशी करवत खाली ठेवली की फिरते पाते फरशीवर धावते, तेही बहुधा पायाच्या दिशेने. त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते बसवणे. मार्बल कटर फरशी आणि दगडासाठी आहे. तो मिनिटाला १२,००० हून अधिक फेरे घेतो आणि त्याला खालचे झाकणच नसते. काही जण तो फळीला उलटा बांधून त्याचे टेबल करतात. तिथे तर बोट आणि पाते यांच्यामध्ये काहीच उरत नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला आवरण हवे, हे आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. आपल्या दिवाणखान्यात मात्र तपासणीला कोणी येत नाही.

डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे, नाकातोंडावर चांगला मास्क असावा. सैल बाह्या, गमछा, हातमोजे नकोत, कारण फिरते पाते कापड ओढून घेते. उघड्या वायरी काडी खुपसून सॉकेटमध्ये अडकवू नयेत. वायर कापाच्या वाटेत येऊ देऊ नये.

आणि अपघात झालाच तर? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद किंवा चहापूड लावू नये. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. बोट पुन्हा जोडता येण्याची शक्यता या काळजीवरही अवलंबून असते.

यात घरमालकाचाही वाटा आहे. कारागिराला मोकळी जागा आणि भरपूर उजेड द्यावा, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये, यंत्र चालू असताना मागून हाक मारू नये. काम ठरवताना आपण प्लायवुडची जात, सनमायकाचा रंग, बिजागऱ्या, सगळे बारकाईने विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न विचारावा : ‘मिस्त्री, तुमच्या करवतीला खालचे झाकण आहे ना?’ नसेल, तर काम सुरू होण्यापूर्वी त्याची सोय करावी आणि त्याचे पैसे ठरलेल्या रकमेत खळखळ न करता धरावेत.