ओळख सापसंद वेलीची



आपल्या कोल्हापूरच्या मुलखाला वेलींची काही वाण नाही. पन्हाळ्याच्या वाटेवरचं कुंपण घ्या, राधानगरीच्या रानाची कड घ्या, नाहीतर शेताचा साधा बांध घ्या. श्रावण-भाद्रपदात वेलींनी झाकली नाही अशी हातभर जागा सापडायची नाही. या गर्दीत एक वेल अशी आहे, की तिची नीट ओळख नसेल तर प्रसंगी जिवावर बेतावं. तिचं नाव सापसंद. कोणी सापसण म्हणतात, कोणी ईश्वरी. शास्त्रातलं तिचं नाव अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका. लिनीअस या पंडिताने ते १७५३ साली छापलं.

आता तुम्ही म्हणाल, वेल ओळखायची म्हणजे पान पाहायचं. इथंच माणूस फसतो. सापसंदीचं पान एका वेलीवरसुद्धा एकसारखं नसतं. कुठं लांबट, कुठं रुंद, कुठं मध्येच कमरेत आवळल्यासारखं. म्हणून पानाचा आकार शेवटी पाहावा. आधी ते खोडावर कसं लागलंय ते पाहावं.

पहिला प्रश्न हा: पानं समोरासमोर जोडीनं आहेत, की एकाआड एक? जोडीनं असतील आणि फूल कंदिलासारखं, वरची टोकं एकत्र जुळलेलं असेल, तर ती सापसंद नव्हे. ते कंदीलपुष्प. गुराखी पोरं जिचा कंद उकरून खातात ती खरपुडी याच घराण्यातली. सापसंदीची पानं एकाआड एक असतात.

दुसरा प्रश्न फुलाचा. सापसंदीच्या फुलाला वेगळाल्या पाकळ्या नसतात. तळाशी फुगीर गोळा, त्यावर बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशी एका बाजूला लांबलेली जांभळट जीभ. जणू ओढायची चिलीम. फुलाखाली पाहिलंत तर बीजकोश दिसेल, आणि तो आडवा कापला तर आत सहा कप्पे. परागकोशही सहाच. पुढं फळ वाळलं, की देठाकडून त्याच्या सहा फाका होतात आणि देठही चिरत जातो. मग ते फळ माजघरातल्या शिंक्यासारखं लोंबत राहतं. वेल सुकली तरी हे शिंकं तिची ओळख पटवतं.

तिसरा प्रश्न: वेल वर चढते, की जमिनीवर पसरते? चढणारी ती सापसंद. देशावरच्या काळ्या रानात जमिनीसरशी पसरणारी, निळसर करड्या गोलट पानांची, चुरगळली की उग्र वास मारणारी, ती तिची बहीण किडामार. तिच्या फुलाच्या देठाच्या बुडाशी एक छोटं गोल पान चिकटलेलं असतं. ती खूण सापसंदीला नाही. बंगल्यांच्या फाटकावर जाळीदार नक्षीची मोठी तपकिरी फुलं दिसतात, ती तिसरी बहीण. तिचं माहेर दक्षिण अमेरिका.

फुलाची ही नळी उगाच नाही हो. कुजकट वासाला भुलून बारीक माश्या आत शिरतात. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले, म्हणून येणं सोपं आणि जाणं बंद. माशी अंगावर दुसऱ्या फुलाचे पराग घेऊन आलेली असते, ते आत लागतात. मग या फुलाचे पराग मोकळे होतात, केस सुकतात, आणि पराग माखलेली माशी सुटते. एक मुक्कामाचं भाडं वसूल झालं, म्हणायचं!

आता घराणं. बेंथम आणि हुकर यांनी एकोणिसाव्या शतकात फुलांच्या बाह्य रचनेवरून या वेलींना घटपर्णीच्या शेजारी बसवलं होतं. पुढं जनुकांची तपासणी सुरू झाली, आणि १९९८ पासूनच्या नव्या मांडणीत त्या मिरीच्या गणात आल्या. म्हणजे मिरवेल, विड्याच्या पानाची नागवेल आणि सापसंद या लांबच्या का होईना, भाऊबंद ठरल्या. पण भाऊबंद झाले म्हणून स्वभाव एक थोडाच असतो? नागवेलीचं पान आपण पाहुण्याला देतो. सापसंदीचं पान, मूळ, बी, काहीही पोटात जाता कामा नये.

याचं कारण ऐका. या वेलींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नावाचं विष असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या वेलींच्या औषधांना कर्करोगकारक ठरवलं. १९९३ साली बेल्जियममधली हकीकत उजेडात आली. वजन उतरवायला बायकांना एक चिनी मुळी दिली जात होती. ती मुळी आपल्या गुळवेलीच्या कुळातली. तिच्याऐवजी, नावातल्या सारखेपणामुळे, या विषारी कुळातली मुळी आली. शंभरावर माणसांची मूत्रपिंडं बिघडली. नावाचा घोटाळा, दुसरं काही नाही! डॅन्यूब नदीकाठच्या खेड्यांतही पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडाचा रोग होता. गव्हात माजलेल्या याच कुळातल्या तणाचं बी पिठात मिसळत होतं, हे त्याचं कारण पुढं आलं.

म्हणून गुळवेल समजून रानातून भलतंच तोडून आणू नका. गुळवेलीच्या खोडावर पुटकुळ्या असतात, साल कागदासारखी सुटते, फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात आणि फळं लाल, वाटाण्याएवढी असतात. शंका असेल तर ती वेल नकोच. गरोदर बाईला तर या कुळातलं काहीही देऊ नये. आणि सापसंद नाव आहे म्हणून साप चावल्यावर तिची मुळी उगाळत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कोणताही चावो. माणसाला निजवून ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, आणि तडक दवाखाना गाठा. तिथली प्रतिविषाची लस हाच उतारा. मुळी उगाळण्यात गेलेली घटका परत येत नाही.

मग ही वेल उपटून टाकावी का? छे, छे. तांबड्या अंगाची काळी फुलपाखरं आणि सह्याद्रीतलं ते भलंमोठं काळं-पिवळं बर्डविंग, यांची अंडी याच कुळातल्या वेलींवर असतात. अळ्या विष खातात, ते अंगी मुरवतात, आणि पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. वेल गेली की फुलपाखरू गेलं. कुंपणावर असेल तर राहू द्या. धान्याच्या पिकात किडामार दिसली तर मात्र बी धरण्याआधी खुरपून काढा आणि मग हात धुवा.

गुरुजनहो, एक विनंती. मुलांना घेऊन एकदा बांधावर जा. वहीत चार प्रश्न लिहायला सांगा: पानं कशी लागली, फूल कसं, फळ कसं, वेल चढते की पसरते? उत्तरं आली की मगच नाव. अडलंच, तर शिवाजी विद्यापीठातल्या प्राध्यापक यादव आणि सरदेसाई यांनी २००२ साली लिहिलेला कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ पाहावा. आधी पाहणं आणि मग नाव घेणं, ही सवय एकदा पोरांच्या अंगी लागली, की ती उद्या घरात काढा उकळणाऱ्या आजीलाही विचारतील, "आजी, ही नक्की गुळवेलच ना?"