ते गणित माझं नव्हतं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीत सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. काटकोनाच्या बाजू 8 आणि 15. आत तिन्ही बाजूंना स्पर्श करणारं वर्तुळ. त्रिज्या किती? कर्ण 17, इथवर सगळे पोचलो. पुढे वर्ग गप्प.

संध्याकाळी शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत माझ्या बाकावरच्या मित्रानं काडीनं मातीत आकृती काढली. म्हणाला, "काटकोनापाशी चौरस झाला पाय. त्याची बाजू म्हणजेच त्रिज्या. ती 8 मधून काढ, 15 मधूनही काढ. एका बिंदूतून काढलेले स्पर्शिकाखंड सारखे असतात, म्हणून उरलेले दोन तुकडे मिळून कर्ण."

म्हणजे 23 वजा 17, सहा. त्याचं निम्मं, तीन.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते मी सोडवलं. शाबासकी मला मिळाली. मी त्याचं नाव घेतलं नाही, त्यानंही कधी काढलं नाही. पुढे मी इंजिनिअर झालो, तो वडिलांसोबत बागेत राबला.

आज तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. बावा, ते गणित तुह्यं होतं. मित्रहो, त्या टाळ्या आज त्याला द्या.