ताजबागची वाट

तिवशावरून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने वऱ्हाडातली कितीतरी माणसं ताजबागला, सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला जातात. त्यांत नवस फेडणारे कास्तकार असतात, तसे नोकरीच्या शोधातले पदवीधरही.

ताजुद्दीन बाबांचा जन्म 1861 चा, कामठीचा. तरुणपणी पलटणीसोबत सागरला असताना तिथल्या एका सूफी दर्ग्याची ओढ लागली आणि नोकरी सुटली. लोक त्यांना वेडा म्हणू लागले. 1892 मध्ये त्यांची रवानगी झाली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात, तर तिथेच दर्शनाला रीघ! शेवटी 1908 मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणलं. मुसलमान फकीर आणि मराठा राजघराणं, ही सोबत मला बाबांच्या नावावरच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोलाची वाटते.

पुढे कन्हानकाठच्या वाकी गावी काशिनाथराव पाटलांकडेही बाबा राहिले. तिथल्या एका जागेला ते दवाखाना म्हणत, दुसरीला शाळा. आजाऱ्याने दवाखान्यात बसायचं, परीक्षेच्या पोराने शाळेत. 17 ऑगस्ट 1925 ला बाबा गेले.

त्याला शंभर वर्षं झाली. आज मोबाईलवर कव्वाली ऐकून दर्ग्याची पायरी चढणारी तरुण पोरं आहेत. धर्माची वेस ओलांडणारी ही श्रद्धा तिवसा तालुक्याला परकी नाही. इथल्या मोझरीत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात, सामुदायिक प्रार्थनेला कुणाही धर्माचा माणूस मांडी घालून बसतो.

आणि हो, वाकी पाहायची असेल तर नागपूरहून पुढे सावनेरच्या बाजूला जावं लागतं.