विजेची गुणगुण साक्षीला

‘मी पैसे घेतले नाहीत’ या वाक्याचं शेपूट कापलं, की कबुली तयार! मराठीत नकार शेवटी येतो, कात्रीला सोपाच.

पण विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पुष्कळदा ध्वनिमुद्रणात उतरते. ती क्षणोक्षणी किंचित वरखाली होते. हा चढउतार संगणक वीजजाळ्याच्या नोंदींशी जुळवतो आणि मुद्रणाची वेळ काढतो. मध्येच लय तुटली, तर कापाकापीचा संशय. (कवींना हे नवं नाही.)

३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून दक्षिणेत आणि गुवाहाटीत गुणगुण एकच. त्यामुळं वेळ कळते, गाव नाही. कापलेला शब्द कोणता, तेही यंत्र सांगत नाही.

म्हणून तपासाला मूळ मुद्रणच हवं. मोबाईलवरून फिरत आलेल्या प्रतीत ही गुणगुण पुसट झालेली असू शकते.